पुढच्या चाकांचे दोन ड्रम व इतर मिळकत

लिहून ठेवणार: हरेश्वर दयाराम राऊत, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय मुद्रण, राहणार मौजे उमराळे, तालुका वसई, जिल्हा पालघर.

आजमितीस माझी बुद्धी स्थिर, स्मृती शाबूत आणि हस्ताक्षर वाचनीय आहे. तसे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ते मिळवण्यासाठी संपूर्ण पूर्वाह्न दवाखान्यात बसूनही मी कोणाशी भांडलो नाही, हा प्रमाणपत्राहून सबळ पुरावा समजावा. प्रस्तुत लेख मी कोणाच्या धाकाने, भिडेने अथवा नशेत लिहीत नसून, गतवर्षी आमच्या आळीत जे घडले ते पाहून लिहीत आहे. एक सद्गृहस्थ मृत्युपत्र न करता निवर्तले आणि त्यांच्या चिरंजीवांनी चिकूच्या झाडाची सावली दुपारी कोणाच्या हिश्श्यात पडते यावरून मोजणी मागवली. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. लग्नपत्रिका मात्र उभ्या हयातीत असंख्य छापल्या. त्यामुळे भाषा कोठे अकारण मंगल वाटल्यास वारसांनी क्षमा करावी.

कलम १. राहते घर, विहीर, आणि दक्षिणेकडील केळी, पानवेल व सोनचाफ्यासह वाडी माझी पत्नी सौ. सुभद्रा हिला. चाफा तोडून तेथे गाळे बांधावेत असे सुचवणारे आप्त तेराव्यालाच उपस्थित होतील. त्यांना चहा द्यावा, सही देऊ नये.

कलम २. बँकेतील ठेवी सुभद्रेला, तिच्या पश्चात आमची एकुलती कन्या रुचिता हिला. यात विनोद करण्याजोगी रक्कम नाही.

कलम ३. छापखान्यातील पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र व अक्षरांचे शिशाचे खिळे पुतण्या चि. अनुज यास. तो संगणकावर छपाई करतो, तरी त्याने हे भंगारात घालू नये. खिळ्यांतील 'श्री' सर्वाधिक झिजलेला आहे, कारण प्रत्येक पत्रिका तेथून सुरू होते. त्याखालोखाल 'आग्रहाचे' झिजले आहे. वास्तविक तितका आग्रह कोणी करत नाही.

कलम ४. माझी बांबूची शिडी शेजारी श्री. सॅमी यांना. ती फणस उतरवण्यासाठी एका संध्याकाळपुरती त्यांच्याकडे गेली, तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. आता तो शिडीशिवाय फणसापर्यंत पोहोचतो. जे ज्याच्या ताब्यात आहे त्याचेच दान करण्याइतके निर्विघ्न दान दुसरे नाही.

कलम ५. पाने, पक्कड, जॅक आदी हत्यारे गावचे मोटार-दुरुस्तीकार श्री. युजीन यांना द्यावीत असा मूळ संकल्प होता. परंतु ते या लेखाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही मिळू नये असे आमच्या वकील ॲनिशाबाईंचे मत पडले. हे ऐकून युजीन म्हणाले, "भाऊ, मग जिवंत आहात तोवरच द्या ना." त्यानुसार हत्यारे काल देण्यात आली. कलम रिकामे राहिले तरी क्रमांक बदलण्याचा आळस असल्याने तसेच ठेवले आहे.

कलम ६. मोटार. या लेखाचे खरे कारण हेच असल्याने येथे थोडा विस्तार होईल.

आमचे वडील कै. दयाराम राऊत यांनी केळी व पानांचा व्यापार तेजीत असताना घेतलेली फियाट. रंग मूळचा दुधी, हल्ली साय धरलेला. वडिलांच्या पश्चात ती माझ्या नावावर झाली. ज्येष्ठ बंधू श्री. पुरुषोत्तम (यापुढे 'दादा') यांनी ना-हरकतपत्रावर सही करताना एवढेच म्हटले, "नाव तुझं, चाक माझं." तेव्हापासून कागदावर स्वामी मी आणि प्रत्यक्षात सारथी ते, अशी व्यवस्था निर्वेध चालली. हिंदू असो वा ख्रिस्ती, आमच्या आळीची नवरी याच गाडीतून निघत असे आणि गाडी दादाच चालवत.

गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. अनभिज्ञ वारसांसाठी खुलासा: ड्रम म्हणजे चाकाच्या पोटातला झाकलेला डबा. पेडल दाबले की आतले कमानदार पट्टे, म्हणजे शू, फाकून त्याच्या भिंतीला घासतात. डब्यात पाणी शिरले की शू नुसतेच घसरतात, आणि गाडी थांबली तर एका अंगाला ओढ घेऊन थांबते. आपल्या तालुक्यात पाणी कोठे शिरत नाही ते सांगणे अधिक सोपे. सबब वडिलांनी एक विधी घालून दिला होता. पाण्यातून बाहेर पडले की पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय अलगद टेकवून, ड्रम घासून घासून कोरडे होईपर्यंत गाडी सावकाश न्यायची. यास आमच्या घरी 'ब्रेक सुकवणे' म्हणतात. ते चालू असताना गाडीत कोणी बोलत नाही. का, ते कोणी विचारले नाही. लहानपणी मी मध्येच शिंकलो तरी वडील आरशातून बघत. वडील गेल्यावर हा विधी दादांनी अक्षरशः जतन केला.

सॅमी यांची धाकटी बहीण रेजिना हिच्या लग्नात अवकाळी पाऊस झाला. चर्चच्या अलीकडे रस्ता खोलगट आहे, तेथे पाणी भरले होते, आणि पाणी संपते तेथेच बँडवाले नवरीची वाट पाहत वाजवत उभे. ब्रेक सुकवायला अंतरच नव्हते. दादांनी पेडल तळापर्यंत दाबले. गाडीने डावीकडे ओढ घेतली, ट्रम्पेटवाल्याने गटारात उडी टाकली, आणि आम्ही केळीच्या रांगेत जाऊन विसावलो. कोणास इजा झाली नाही. रेजिना स्वतःच दार उघडून उतरली, झग्यावरचे केळीचे पान झटकले आणि म्हणाली, "अंकल, फोटो मस्त येतील." ती बँडमागून चालत चर्चमध्ये गेली. दादा मात्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

पुढच्याच आठवड्यात मी गाडी युजीन यांच्याकडे नेली. डिस्क म्हणजे उघडी चकती. ती फिरता फिरता पाणी भिरकावून देते आणि दोन्ही बाजूंनी तिला चिमट्यासारखे धरता येते. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून युजीन यांनी पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवल्या, जोडीला ब्रेकचे तेल ढकलणारा नवा मास्टर सिलिंडर आणि पेडल हलके व्हावे म्हणून बूस्टर. मागचे दोन ड्रम ठाकठीक होते. ते वडिलांच्या वेळचे तसेच ठेवले.

पुढचे काढलेले ड्रम आमच्या अंगणात पडले असताना दादा आले.

"बाबांचे ब्रेक काढलेस?"

"दादा, पाण्यात धरत नव्हते."

"धरत नव्हते, की मला धरता आले नाहीत?"

ज्याने तालुक्यातील अर्ध्या सेवानिवृत्तांची मानपत्रे लिहिली, तो मी त्या क्षणी अंगणातले दोनच ड्रम पुन्हा मोजू लागलो. दादांनी खिशातली गाडीची किल्ली काढून दाराच्या खिळ्याला अडकवली आणि ते गेले. बोलणे पुढे सुरू झाले, सणवार झाले, एकमेकांच्या पंक्तीला बसलो. पण त्या गाडीत दादा आजतागायत बसलेले नाहीत. गाडी समोरून आली की ते रस्त्याकडेच्या केळी मोजू लागतात. कोणी विचारल्यास सांगतात, "मूळ वस्तूत फेरफार केला, आता ती बाबांची गाडी नाही." मागचे ड्रम वडिलांचेच आहेत, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही. न विचारलेले सांगणे हा राऊत घराण्यात कमीपणा समजतात.

मध्यंतरी दादांचे दोन्ही गुडघे बदलण्यात आले. मूळचे, वडिलांनी दिलेले गुडघे शल्यविशारदाने कोठे टाकले याची त्यांनी चौकशीही केली नाही. आम्ही त्यांना अद्याप दादाच म्हणतो.

सदर मोटार रुचिताला. ती चालवते उत्तम, आणि तिला गाडी चालवायची आहे, काचेआड ठेवायची नाही. जुन्या गाड्यांच्या हौशी गृहस्थांनी डिस्क काढून गाडी 'अस्सल' करण्याच्या अटीवर मोठी बोली लावल्यास तिने त्यांना पावसाळ्यात गास गावच्या सखल रस्त्याने फिरवून आणावे.

कलम ७. पुढच्या चाकांचे काढलेले दोन ड्रम, त्यांच्या शूंसह, ग्रीस लावून केळीच्या पेटीत ठेवले आहेत. ते दादांना. सोबत हेही कळवावे की मागचे दोन अजून गाडीतच फिरत आहेत.

कलम ८. माझ्या अस्थी कळंबच्या समुद्रात सोडाव्यात. कलश याच मोटारीतून न्यावा, गाडी रुचिताने चालवावी, आणि घरातील वडीलधारे या नात्याने दादांनी पुढच्या आसनावर बसून कलश मांडीवर धरावा. कळंबशी माझे कोणतेही आध्यात्मिक नाते नाही. या कलमाचा एकमेव हेतू दादांना एकदा गाडीत बसवणे हा आहे. मसुदा वाचून सुभद्रा म्हणाली, "त्यापेक्षा आत्ता चालत जाऊन सांगा ना, चार घरं पलीकडे तर राहतात." तिचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. परंतु जिवंत धाकट्या भावाला नाही म्हणता येते, मेलेल्याला म्हणता येत नाही.

कलम ९. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी दादांची नेमणूक करतो. त्यांच्याइतका हट्टी मनुष्य पंचक्रोशीत नसल्याने प्रत्येक कलम अमलात येईल.

पुरवणी, आजच, वकिलांच्या कार्यालयात बसून लिहिलेली.

वर लिहिलेले टंकित होऊन स्वाक्षरीस सिद्ध असताना ॲनिशाबाईंनी व्यवस्थापकाने स्वतः ओळखपत्रासह यावे असे कळवले. कार्यालय एव्हरशाईन सिटीत. आज सकाळपासून संततधार. दादा छत्री घेऊन नाक्यावर उभे राहिले, आणि एकामागून एक रिक्षावाल्यांनी "गासला पानी भरलाय, नाय जानार" असे सांगून त्यांना नाकारले. रुचिताने गाडी त्यांच्यापाशी उभी केली.

"काका, बसा."

"मी मागं बसतो."

"मागे बाबा आहेत आणि बाबांचे कागद. पुढे या."

दादांनी प्रथम केळींकडे पाहिले. नंतर छत्री मिटली.

ते बसले आणि तत्क्षणी दोघेजण गाडी चालवू लागले. प्रत्येक वळणावर, प्रत्येक गतिरोधकावर दादांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबला जात होता, नवीन गुडघ्यासकट. तेथे पेडल नाही हे त्यांना सांगण्याचे धाडस कोणी केले नाही. गासच्या सखल भागात पाणी चाकांच्या अर्ध्यावर होते. रुचिताने गाडी एका लयीत बाहेर काढली.

"थांब," दादा म्हणाले. "ब्रेक सुकव."

"काका, पुढे डिस्क आहेत, त्या सुकल्यासुद्धा," ती म्हणाली. आणि लगेच, "पण मागचे सुकवायलाच हवेत. सुकवते."

"मागचे?"

"मागचे ड्रमच आहेत ना. आजोबांचे."

दादा मान वळवून माझ्याकडे पाहू लागले. मी कलम तीनमधील शुद्धलेखन तपासू लागलो.

"हरी, हे मला कोण सांगणार होतं?"

"कलम सातमध्ये आहे, दादा."

"म्हणजे तू मेल्यावर?"

"रीतसर कळवण्यात आलं असतं."

"अरे गाढवा, मी तुझ्याहून बारा वर्षांनी मोठा! तुझ्या मरणाची वाट बघत मी कुठं बसू?"

रुचिताने पहिला गिअर टाकून ब्रेकवर पाय टेकवला. मागून ती जुनी घासण्याची घर्र येऊ लागली. दादा वाक्याच्या मध्यात गप्प झाले. कोपऱ्यावरच्या क्रूसापर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. मला शिंक आली होती, ती मी गिळली.

क्रूसापाशी रुचिताने पेडल दाबले. गाडी थांबली.

दादांनी काच खाली करून डोके बाहेर काढले, पुढचे चाक पाहिले, मागचे पाहिले, आणि रस्त्याच्या कडेपासूनचे अंतर पाहिले.

"सरळ थांबली," ते म्हणाले. मग काच वर घेताना म्हणाले, "त्या दिवशीही अशी थांबली असती."

"ओल्या ड्रमवर कोणीही चालवत असतं, तरी त्या दिवशी थांबली नसती, दादा," मी म्हणालो. हे वाक्य त्या अंगणातच म्हणायचे होते. मुद्रण व्यवसायात याला विलंबित प्रत म्हणतात.

सबब पुढील दुरुस्त्या करण्यात येत आहेत.

कलम ७ रद्द. पेटी आज सायंकाळी दादा स्वतः घेऊन जाणार आहेत.

कलम ८ मधील दादांसंबंधीची अट रद्द, कारण हेतू सिद्धीस गेला. अस्थींचे कोणी काय करावे याबद्दल मला आता आग्रह नाही, विहिरीत तेवढ्या टाकू नयेत.

कलम ६ मध्ये भर: पाण्यातून बाहेर पडल्यावर रुचिताने मागचे ब्रेक सुकवावेत आणि तोवर गाडीत कोणी बोलू नये. पुढेमागे तिने मागच्या चाकांनाही डिस्क बसवल्या, तरीही.

येणेप्रमाणे मजकूर मी पूर्ण वाचला, समजला, आणि मलाच तो आवडला. खाली साक्षीदारांसमक्ष, सर्वांनी एकमेकांना सही करताना पाहत, सही केली असे.

स्थळ: वसई पूर्व
दिनांक: २३ जुलै २०२४

(सही) हरेश्वर दयाराम राऊत

साक्षीदार:
१. (सही) युजीन, मोटार-दुरुस्तीकार, उमराळे. हत्यारे काल मिळाली, आज काही मिळाले नाही.
२. (सही) ॲड. ॲनिशा, एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व

व्यवस्थापक म्हणून नेमणूक मान्य:
(सही) पुरुषोत्तम दयाराम राऊत
परतताना गाडी मी चालवणार. — पु. द. रा.