हात धुवायला पहिला कट

११ जानेवारी १९९६
लक्ष्मण आज चौथा दिवस आला नाही! आमच्या प्लँटच्या केटलवर, त्या उकळायच्या मोठ्या भांड्यावर, त्याच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. दुपारी त्याची बायको रंजना पांडेसऱ्याला कारखान्याच्या फाटकाशी आली. रडतच म्हणाली, "दात घासतस ते रगतच थांबत नही, साहेब." दवाखान्यात ठेवलंय त्याला.

१३ जानेवारी
बघून आलो. डॉक्टर म्हणाले, हाडांच्या आत रक्त तयारच होत नाहीये. मग मला — "तुम्ही केमिस्ट ना? कामावर बेंझिन आहे?" शेठनं सकाळीच बजावलं होतं, "टोल्युइन कहेजो, बस." मी टोल्युइन म्हणालो. भेकड!

१४ जानेवारी
उतराण. सगळं सुरत पतंग घेऊन गच्चीवर. मी खाली, दार लावून.

१७ जानेवारी
लिहूनच टाकतो. कापडाला कोटिंग करणाऱ्यांकडचं वापरलेलं टोल्युइन आम्ही उकळून पुन्हा शुद्ध करतो. व्यापारी त्यात स्वस्तातलं बेंझिन मिसळून पाठवतो. बेंझिन ऐंशी डिग्रीला उकळतं, टोल्युइन एकशे दहाला. म्हणून बेंझिन आधी निघतं — पहिला कट. त्याला गिऱ्हाईक नाही. दोन वर्षांपूर्वी मीच म्हणालो, "फेकता कशाला? हात धुवा त्यानं." काळेकुट्ट हात चुटकीसरशी स्वच्छ! सगळे खूश. तेव्हापासून नळापाशी बादली भरलेली असते.

मी मात्र साबणानंच धुवायचो. बेंझिन रक्त नासवतं, पुस्तकात वाचलं होतं ना! थोड्यानं काय होतंय, असं वाटलं. त्यांच्या बाबतीत वाटलं.

१९ जानेवारी
डॉक्टरांना खरं सांगितलं. बादलीसकट. ओरडले असते तर बरं झालं असतं — नुसतं लिहून घेतलं. म्हणाले, फार उशीर झालाय. संध्याकाळी शेठचा निरोप, उद्यापासून येऊ नको.

२२ जानेवारी
लक्ष्मणला सांगितलं. हात धरून म्हटलं, हे माझ्यामुळे झालं. त्यानं दुसऱ्या हातानं माझाच हात थोपटला. मग म्हणाला, "तुमनं काय चुकनं, साहेब? तुम्ही त भलंच करं." आणि हळूच, चोरी कबूल केल्यासारखं — "मी त कॅन भरीसन घर बी लई जास. रंजना दिनभर तेन्हामा फडकं बुडाईसन मार्केटन्या साड्यास्ना डाग काढस."

रंजना उशाशी बसून मोसंबी सोलत होती. मला पाणी विचारलं तिनं.

२३ जानेवारी
रंजनाचं रक्त तपासायला दिलं. पाचवा महिना चाललाय तिला.