विहिरीच्या नावावर लागलेली दोनशे सतरा घरे रद्द करणेबाबत

प्रेषक : मोहन कडूबा खिल्लारे,
ईलिंग रोडजवळ, वेम्बली, इंग्लंड
दिनांक : ९ मे १९९३

प्रति,
मा. विशेष पुनर्वसन अधिकारी,
कोळदरे मध्यम प्रकल्प,
मुक्काम धरण वसाहत

विषय : दगडांना दिलेले भूखंड काढून घेऊन माणसांना देणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व आपली तीन उत्तरे (देव करो आणि चौथे तसे न येवो).

महोदय,

आधीच्या तिन्ही अर्जांत मी आमची विहीर वाचवा म्हणत होतो. आज मागणे नेमके उलट आहे. म्हणून हा कागद मागच्या फाइलला टाचण्याआधी कृपया एकदा वाचावा.

१. मी मूळचा कोळदऱ्याच्या बौद्धवस्तीतला. बावीस वर्षे वेम्बलीत राहतो आणि बेसिंगस्टोकला एका कंपनीत नकाशे काढतो. माझे वडील कालकथित कडूबा खिल्लारे यांनी १९३८ साली वस्तीच्या तोंडाशी स्वतः विहीर खणली व दगडांनी बांधून काढली, कारण गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नाही असा वरच्या आळीचा हुकूम होता. माझी आई द्रौपदाबाई, वय ७९, हल्ली माझ्याकडे असते. त्या विहिरीची माती तिने डोक्यावरून वाहिली आहे. येत्या १० जूनला आपण घळभरणी करणार, म्हणजे धरणाची शेवटची फट बुजवणार. त्यानंतर विहीर आणि वस्ती दोन्ही पाण्यात जातील.

२. माझ्या ऑफिसात मिस्टर छ्वे नावाचे कोरियाचे इंजिनिअर आहेत. आठ वर्षांपूर्वी त्यांच्याकडेही धरण झाले. पण तिथे पाणी चढण्याआधी जुनी कौलारू घरे, वेशीवरचा मंडप, गावची पाठशाळा, सगळे उतरवून टेकडीवर जसेच्या तसे उभे केले. प्रत्येक कौलाला, तुळईला, उंबऱ्याला नंबर घातला आणि नंबराशेजारी घराचे नाव. छ्वेंच्या आजोबांच्या खिडकीतून पूर्वी मिरचीचे वाफे दिसत, आता तळे दिसते. एवढाच काय तो फरक. फोटो पाहिल्यावर माझ्या मनात एकच आले. कोरियात उंबरा टेकडी चढतो, मग आमची विहीर का चढू नये?

३. पहिल्या अर्जाला आपले उत्तर आले : "सदर विहीर मुळातच पाण्याखाली असल्याने तिची गणना बुडित मालमत्तेत करता येत नाही." धन्य आहे! आईने विचारले, "हे लिहिणारानं कधी पोहरा सोडलाय का रे?" मी दुसरा अर्ज केला आणि नमुना म्हणून छ्वेंच्या घराचा फोटो जोडला. तर आपण ते घरच कोळदऱ्यात दाखल करून घेतले, आणि "श्री. छ्वे यांनी ३१ मेपूर्वी घर रिकामे करावे" अशी नोटीस माझ्या पत्त्यावर धाडली. छ्वेंनी ती फ्रेम करून टेबलावर ठेवली आहे. एका जन्मात दोनदा धरणग्रस्त झालेला दुसरा माणूस आमच्या ऑफिसात तरी नाही.

४. आता माझी चूक. मला दम निघेना. मी चुलतभाऊ काशीनाथला लिहिले की विहिरीच्या दगडांवर कोरियन पद्धतीने नंबर घाल. त्याने गेरूने "क. खि. १" पासून "क. खि. २१७" पर्यंत नीट अक्षरात लिहिले. बुडणाऱ्या घरांवर आपली माणसेही गेरूनेच नंबर टाकतात, हे मी परदेशात बसून पार विसरलो. आपले कारकून एप्रिलच्या भर दुपारी आले, लिंबाखाली टेकले आणि काशीनाथला म्हणाले, शेवटचा नंबर कितवा? काशीनाथ सरळ माणूस. त्याने सांगितले, दोनशे सतरावा. झाले! नोंदवहीत २१७ घरे चढली. सर्वांचा कुटुंबप्रमुख एकच, कडूबा खिल्लारे (मयत). नव्या गावठाणात त्यांना २१७ भूखंड मंजूरही झाले. माझ्या बापाने उभा जन्म एका खोलीत दहा माणसे निजवली हो!

५. इथवर मीही हसत होतो. पण गेल्या रविवारी काशीनाथचा फोन आला. कारकुनांची नोंदवही विहिरीतच संपली, वस्तीची ३९ खरी घरे लिहिलीच नाहीत. लोक आपल्या ऑफिसात गेले, तर उत्तर मिळाले, "तुमच्या वस्तीचे भूखंड वाटून संपले." दगडांना जागा आहे, माणसांना नाही, आणि महिन्याभरात पाणी येणार आहे. उंटावरून शेळ्या हाकायला गेलो आणि कळपच बुडवायला निघालो.

६. माझ्या तिसऱ्या अर्जाच्या उत्तरात आपण २१७ कुटुंबांना रेशनकार्डासह समक्ष बोलावले आहे. ते दगड आहेत, साहेब. येणार नाहीत. मी २४ मे रोजी रजा काढून येतो आहे. सोबत आई असेल. त्या सगळ्यांची वारस तीच.

तरी विनंती की विहिरीचे सर्व भूखंड रद्द करून, सोबतच्या यादीतील ३९ कुटुंबे घळभरणीपूर्वी नोंदवावीत. एकही दगड हलवू नये. हा निर्णय आईचा आहे. मी तिच्याशी तीन दिवस भांडलो, कारण प्रत्येक दगडाचा नकाशा मी हाताने काढला होता. ती म्हणाली, "दगडं घेऊन काय करू? त्यांनी हीर माणसांसाठी खणली व्हती." मी रडलो आणि नकाशे गुंडाळून ठेवले.

शेवटचे एक. धरणाचे पाणी नळाने साऱ्या तालुक्याला, वरच्या आळीलाही मिळणार असे प्रकल्पाच्या पत्रकात वाचले. आमची विहीर त्याच पाण्यात मिसळणार. याबाबत आईने सांगितले ते मी लिहून घेतले व सोबत जोडले आहे.

आपला, चूक कबूल करणारा,
मोहन कडूबा खिल्लारे

सोबत :
१) ३९ कुटुंबांची यादी.
२) श्री. छ्वे यांच्या नोटिशीची फोटोकॉपी (मूळ प्रत ते देत नाहीत).
३) श्रीमती द्रौपदाबाई कडूबा खिल्लारे यांचे, आमच्या विहिरीचे पाणी कोणीही प्यावे याबद्दलचे ना हरकत पत्र, अंगठ्यासह.