इथे डास मारत नाहीत

१९ ऑगस्ट १९५४, भांडुप

आलो बाई एकदाचे! ठाकूरद्वारच्या दीड खोलीत आम्ही सात माणसं एकमेकांच्या कोपराखाली जगत होतो. आता हे, मी आणि आमची आठ महिन्यांची शुभा, एवढ्या तिघांना अख्खं कौलारू घर. पुढे भातखाचरं, मागे डोंगर, डोंगरापलीकडे विहार तलाव. सकाळी चूल पेटवली आणि मागून कुणी ‘जाळ कमी कर’ म्हणालं नाही, तेव्हा मला चक्क गाणं सुचलं.

घर मलेरिया खात्याचं आहे. शेजारच्या वाडीत डीडीटी फवारून घ्यायची, हे ह्यांचं काम. पण आल्या आल्या ह्यांनी काय केलं असेल? ट्रंका तशाच टाकून मच्छरदाणी काढली आणि चारही कोपरे बांधून झाल्याशिवाय चहाला शिवले नाहीत. शुभाला तिन्हीसांजेच्या आत जाळीत घालायचं, काही झालं तरी, अशी मला ताकीद मिळाली आहे. नवऱ्याचं प्रेम असं डासांच्या निमित्ताने कळायचं होतं.

वाडीतली मालन भांडी घासायला येणार आहे. चांगली उंच, हसरी, बोलायला धीट. मला वैनी म्हणते आणि ह्यांना ‘डीडीटीसाहेब’. मला नाव फार आवडलं, ह्यांना तितकंसं नाही.

२३ ऑगस्ट

संध्याकाळी मालनबरोबर वाडीत गेले होते. वीस-पंचवीस घरं, सगळी माणसं आपापल्या ओट्यावर बसलेली. बायका, पुरुष, म्हातारीकोतारी. डासांचे नुसते ढग. मी पदराने वारा घेऊन घेऊन दमले, आणि मग लक्षात आलं की वाडीत कुणाचाच हात हलत नाही. सगळे बाह्या वर करून, पाठ उघडी टाकून शांत बसले आहेत. मालनच्या दंडावर डासांची ओळ बसली होती आणि ती कासाराकडे बांगड्या भरायला बसल्यासारखी हात पुढे धरून होती.

माझ्या मनगटावर एक बसला. मी चापट मारली. केवढासा तो आवाज, पण सगळी वाडी माझ्याकडे वळली. मालनने पदर तोंडावर घेतला. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं, कशाबद्दल ते मात्र कळेना.

२७ ऑगस्ट

ह्यांना विचारलं. हे दिवसभर वाडीतल्या पोरांची पोटं चाचपत असतात. हिवतापाने पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते म्हणे, डाव्या बरगडीखाली हाताला दगडासारखी लागते. पोरं फणफणतात, पण मोठ्यांना ताप नाही. डास तेच, चावे तेच, आणि माणसं ठणठणीत. मी म्हटलं, मग झकास आहे की, आपणही इथेच राहू.

हे हसले नाहीत. म्हणाले, ही ताकद फुकटची नसते. जन्मल्यापासून ताप येत राहतो, त्यात जी पोरं जायची ती जातात. उरतात त्यांच्या रक्ताला तापाची सवय होते. आणि ती सवयही चावे चालू आहेत तोवरच. वाडीतला धाकू चार-पाच वर्षं घाटकोपरला कारखान्यात होता. धट्टाकट्टा परत आला आणि पहिल्याच भाद्रपदात गेला.

मी आपल्याबद्दल विचारलं. बाहेरच्या माणसाजवळ काहीच नसतं, म्हणाले. इथल्या तान्ह्यांना निदान आईच्या अंगातून थोडं कवच मिळतं, सुरुवातीचे काही महिने. मी शुभाकडे बघत राहिले. पोरीला नाक माझं दिलं, रंग माझा दिला, हट्टही माझाच दिला, आणि हे मात्र देता आलं नाही. फार वाईट वाटलं. ह्यांनी जाळीचे कोपरे पुन्हा एकदा तपासले.

५ सप्टेंबर

गणपती बसले त्या गडबडीतच फवारणी उरकली. आधी आमचं घर, मग वाडी. भिंती पांढऱ्याफटक. आणि दुसऱ्या दिवशी बघतात तर बायकांनी सगळ्या भिंती शेणामातीने सारवून टाकलेल्या! ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा माणसं आणली, उभं राहून दुसऱ्यांदा फवारून घेतलं आणि सारवलंत तर चावडीवर नेईन, असा दम भरला. एक म्हातारी तेवढी ह्यांना म्हणाली की तुमच्या घरात पण तान्हं हाय ना.

७ सप्टेंबर

आज सकाळी वाडीत जे पाहिलं ते लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

बायका घराघरातून मेलेले डास झाडून काढत होत्या. केरात नाही, पळसाच्या पानावर. पानं घेऊन सगळ्या चिंचेखाली गेल्या, खड्डा केला, पानं ठेवली, वर मूठमूठ माती आणि मीठ. मालन हंबरडा फोडून रडत होती. मी तिला धरून घरी आणलं. मग ती बोलली.

“वैनी, म्हाताऱ्या मानसाचं श्राद्ध घालतात. दात नाय आलेल्या पोराचं कोन घालतं? मग ती जेवाला कुठं जातील? घरालाच येतात. माझी तीन हायत. रोजची येतात, हातावर बसतात, जेवतात. म्हनून तर आमाला ताप शिवत नाय.”

डोळे पुसून म्हणाली, “डीडीटीसायबानं माझी पोरं दुसऱ्यांदा मारली.”

ह्यांना सांगितलं तर हे चक्क खूश झाले. म्हणाले, अडाणीपणाच आहे, पण उलट्या बाजूने बरोबर आहे बघ, चावून घेतात म्हणूनच तगतात! मला ते हसू आवडलं नाही. वाडीत मुलं गेली आहेत, ह्यात हसण्यासारखं काय आहे?

१३ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. वाडीत आता डास नाहीत. तरी सगळे संध्याकाळी ओट्यावर येतात, बाह्या वर करून बसतात, वाट बघतात. अंधार पडला की आत जातात. मालनने आमचं काम सोडलं आहे.

डास आमच्याकडे आले आहेत. ह्या घरात तर सगळ्यात आधी फवारलंय. भिंतीवर एक बसत नाही. सगळे मच्छरदाणीवर. आणि ती गुणगुण डासांची वाटत नाही. लहान मूल झोपेला आलं की स्वतःशी हूं हूं करतं, तशी. खूप मुलं. सगळी एका सुरात.

हे म्हणतात मी दमले आहे. असेन.

१६ सप्टेंबर

ह्यांना ताप. आज इतकी हुडहुडी भरली की खाट वाजत होती. गोळ्या चालू आहेत, तरी उतरत नाही. दुपारी मला म्हणाले, दार लाव, केवढी पोरं आली आहेत. दार लावलेलंच होतं.

१७ सप्टेंबर

ह्यांना जीपमधून मुंबईला इस्पितळात नेलं. बेशुद्धच होते. मागच्या सीटवर आडवं केल्यावर जागाच उरली नाही. न्यायला आलेला कंपाउंडर म्हणाला, वीस तारखेला सकाळी जीप परत येईल, तुम्हाला आणि बाळाला घेऊन जातो. स्टेशनपर्यंत चालत जाईन म्हटलं, पण अंगणातूनच परत फिरले. मलाही थंडी वाजते आहे. शुभाला जाळीतच ठेवते आहे, दिवसासुद्धा.

१८ सप्टेंबर

शुभाचं अंग तापलं आहे. गोळी कुटून दिली, ओकून टाकली. पुन्हा दिली, पुन्हा—

मालन आली होती. आत आली नाही, कुंपणाशी उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल, पण ती शुभासाठीच आली होती. विचारलं, हिच्या आधी एखादं झालं होतं का.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. झालं होतं. मुलगा. बारशाच्या आधीच गेला, नावसुद्धा नाही. रडू नकोस, पुढच्याला बाधतं, म्हणाल्या सगळ्या. म्हणून रडलेही नाही.

मालनचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग घाबरते कशाला? येल तो. जेवू घाल त्याला. भाऊ हाय ना तिचा, ताप धरू देनार नाय.”

मी ओरडून तिला हाकललं. आता वाईट वाटतं. तिला खरंच बरं वाटलं होतं माझ्यासाठी.

१९ सप्टेंबर, सकाळ

शुभा डोळे उघडत नाही. दूध ओढत नाही. मधेच जाळीच्या कोपऱ्याकडे तोंड करून हसते. उद्या जीप. फक्त आजची संध्याकाळ काढायची. जाळी सोडायची नाही. काही झालं तरी सोडायची नाही. लिहून ठेवते म्हणजे ताप चढला तरी वाचता येईल.

१९ सप्टेंबर, तिन्हीसांजा

आली. जाळी काळी झाली आहे. कंदिलाचा उजेड आत येत नाही. मी आत, शुभाजवळ. जाळी ठिकठिकाणी आत दबते आहे. तळव्याएवढ्या जागा. इवल्या तळव्यांएवढ्या—

भुकेली आहेत. ओरडत नाहीत. नुसती हूं हूं—

एक वेगळा आहे. मागे, दाराशी. पुढे येत नाही. बाकीच्यांसारखं त्याला येत नाही, कुणी शिकवलंच नाही. सूर चुकतो त्याचा. कधी जेवलाच नाही तो. ठाकूरद्वारहून इथवर, एकटा—

पान्हा फुटला. चोळी भिजली. शुभा ओढत नाही आणि हे कुणासाठी—

शुभा थंड पडते आहे. ताप उतरतोय का? की—

फक्त माझा हात. एक कोपरा सोडला, एवढासा. हात बाहेर, बाकी सगळं आत. ये. ये रे राजा. आई आहे.

आला. हातावर—

नाही बसला. हुंगलं नुसतं. हातावरून आत. शुभाकडे. असू दे, भाऊच आहे, मालन म्हणाली की भाऊ—

शुभाच्या ओठावर बसला. किती वेळ. केवढा होतो आहे. लाल—

आता त्याला सूर सापडला. तो गातो आहे. बाहेरच्यांना बोलावतो आहे. ती येताहेत, रांगेने, सगळी, कोपऱ्यातून— गाठ मारायला हवी— शुभा दिसत नाही, शुभावर सगळी— गाठ बसत ना