अकरा तिरक्या रेघा

दि. ९ ऑगस्ट

प्रिय धाकटीस, अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण ऐकतो. बदलीच्या ठिकाणी तुला खोली मिळाली का?

एक कोडे तुलाही पडले असेल. आपली शाळा बंद झाली त्या दिवशी तुझ्या सातवी-आठवीच्या एकत्र वर्गात, म्हणजे अख्ख्या शाळेत, सदतीस मुले दाटीवाटीने बसली होती. बंदीच्या आदेशात मात्र पट सव्वीस. तिसाच्या खाली पट गेला की शाळा बंद. मग उरलेली अकरा मुले गेली कुठे?

उत्तर मोठे मौजेचे आहे. पटसंख्या वर्षातून एकाच दिवशी मोजतात. ती अकरा मुले बांधकाम मजुरांची. आईबापांबरोबर महिनाभर दुसऱ्या कामावर गेलेली. पटावर सदतीस, हजर पंचवीस, म्हणजे उपस्थिती अडुसष्ट टक्के. आता अकरा नावे कमी कर. तेच पंचवीस, पण सव्विसांपैकी. शहाण्णव टक्के! वरचा आकडा जागचा हलत नाही, खालचा घटतो आणि टक्केवारी टुणकन उडी मारते. तीस वर्षे मी हेच तर शिकवले.

मला उपस्थितीचे प्रशस्तिपत्र हवे होते.

मोजणीच्या आदल्या दिवशी तू म्हणालीस, "सर, आठ दिवस थांबा. येतील पोरं." मी म्हणालो, "बाई, मुख्याध्यापक मी आहे." त्यावर तू सगळ्यांदेखत भडकलीस, "अरे दादा, ते प्रशस्तिपत्र काय रिकाम्या बाकावर बसवणार आहेस?" मुले खरोखरच आठव्या दिवशी आली. मी नावे पुन्हा चढवली. आकडे तोवर वर कार्यालयात गेले होते.

त्या अकरांत सात मुली. हमरस्त्यापलीकडच्या शाळेत त्यांतली आता एकच जाते.

हे सारे तुला ठाऊक आहे. मी लांबण लावतो आहे. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारले, "नावं कोणी कमी केली?" मी म्हणालो, "वर्गशिक्षिकेनं." तुझ्या सेवापुस्तकातला शेरा ही कार्यालयाची चूक, असे तू मानतेस. ती चूक नव्हती. मी खोटे बोललो.

काल कार्यालयाला कबुली पाठवली. भाऊ बहिणीला पाठीशी घालतो आहे, असेच म्हणतील. म्हणून जुना हजेरीपट मागव. साहेबांना कोऱ्या कागदावर उजव्या हाताने पटापट अकरा तिरक्या रेघा मारायला सांग. शेजारी तू तुझ्या लिहित्या, डाव्या हाताने मार. त्यांच्या रेघांची वरची टोके उजवीकडे झुकतील, तुझ्या रेघांची डावीकडे. मग त्या अकरा नावांवरच्या रेघा पाहा.

उजव्या हाताने लिहिणारा,
तुझा दादा