एक पाय गडद, एक फिका

८ ऑगस्ट १९९४
धुलाईहून परत आलेल्या मालात आज पुन्हा नऊ जीन्स तशाच. एक पाय गडद, एक फिका. शिवताना कापड सारखंच दिसतं, धुतल्यावर कळतं. कापड थरावर थर रचून कापतात, आणि थराथरांत रंग थोडा वेगळा. एकाच थरातले दोन्ही पाय एकत्र यावेत म्हणून कापल्यावर प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घालतात. तो चुकला की झालं. चेकर मी, म्हणून शेठ आधी माझ्यावर, मग मशीनवरच्या बायकांवर. "किसने किया?" बाराजणी, बारा माना खाली. असं विचारल्यावर कोण सांगेल?

९ ऑगस्ट
लहानपणी दम्यामुळे शाळा नव्हती. कुळगावला आत्याने घरीच शिकवलं. गणित चुकलं की ओरडायची नाही. "इथवर कशी आलीस, सांग," म्हणायची आणि तांदूळ निवडत बसायची. घाई नाही. तसंच विचारून बघावं. पण मी कोण विचारणारी? त्यातल्या निम्म्या माझ्या आईच्या वयाच्या.

१० ऑगस्ट
डबे उघडल्यावर शांताला विचारलं. कोणी केलं ते नको, कसं होतं ते सांग. आणि गप्प बसले. तिने अख्खी भाकरी संपवली. मग हळूच, "मंदाकाकीला नंबर दिसत नाहीत ओ ताई. मोतीबिंदू. जेवणाच्या सुट्टीत आम्हीच तिच्या जोड्या लावून देतो. घाईत होत असेल इकडचं तिकडे."
मंदाकाकी समोरच लोणचं वाटत होत्या. "काय गं, माझी चुगली?" हसल्या.
पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं. इतकं बरं वाटलं...

११ ऑगस्ट
शेठला सांगितलं. लपवणं म्हणजे खोटंच. जोड्या लावायला एक बाई वेगळी ठेवा, असंही म्हटलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "अच्छा पूछा तुमने."
संध्याकाळी शेठने मंदाकाकींना परवापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी आपली कात्री रुमालात गुंडाळली. दारातून मलाच म्हणाल्या, "येते गं."

१२, शुक्रवार, सुट्टी
आत्याला सांगितलं. तिने तांदळाचं ताट पुढ्यात ओढलं. मग, "सगळ्यांना विचारलंस?"
शांताला विचारलं.
"नंबर घालणाऱ्याला?"
कटिंग मास्तरांना नाही. सुचलं नव्हतं असं नाही. ते शेठच्या वडिलांच्या वेळचे, तोंडाने तिखट. ज्यांना उत्तर द्यावंच लागतं, त्यांनाच मी विचारलं.

१३ ऑगस्ट
डबा घेऊन शांताजवळ गेले. तिने झाकण लावलं. "विचारा ना ताई. छान येतं तुम्हाला." बाकीच्या हसल्या. एकटीने खाल्लं. खाल्लं म्हणजे, डबा तसाच परत आणला.

२० ऑगस्ट
विठ्ठलवाडीला मंदाकाकींच्या चाळीत गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, वांगणीला भावाकडे गेली. "तू कोण?" मी स्टेशनकडे वळले.

२२ ऑगस्ट
मंदाकाकी गेल्यानंतर शिवलेला माल धुऊन आला. अकरा. त्या नाहीत, तरी अकरा.
शेठ म्हणाले, "पूछो इनको. तुमको तो आता है." विचारलं. मशीनी चालूच राहिल्या.

२३ ऑगस्ट
मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. "क्या है?"
"काही नाही, मास्तर."

२५ ऑगस्ट
मंदाकाकींच्या मशीनवर नवी मुलगी आली, बदलापूरची. अठराची असेल. दुपारी एक तुकडा घेऊन आली. "ताई, हा सहा आहे की आठ?"
खिडकीशी नेला. उलटसुलट करून पाहिला. खडू नीट उमटलाच नव्हता. मलाही वाचता येईना, आणि माझे डोळे चांगले आहेत.
मास्तरांना जाऊन विचार, असं अगदी ओठावर आलं. तिलाच पाठवणार होते मी!
टेबल सहा पावलांवर. मास्तर नवा थर पसरत होते. ती तशीच उभी, मी सांगेन म्हणून.