इतर कारण असल्यास लिहा

प्रिय बडबडी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. मी धडधाकट आहे आणि दुकानही चालू आहे. सात वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम एवढं लांबलचक पत्र, म्हणजे हिचं डोकं फिरलं असं तुला वाटेल. वाटू दे. या महिनाअखेर दुकानाच्या परवान्याची मुदत संपतेय. पुढे चालवायचं की कायमचं कुलूप लावायचं हे मला ठरवायचंय, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय ते ठरत नाहीये.

मागच्या आठवड्यात फॉर्मवाल्या बाई आल्या होत्या. आठवतात ना? शेवटच्या वर्षाला वर्गात येऊन त्यांनी तो भलामोठा फॉर्म वाटला होता, विद्यार्थ्यांना स्वतःचा व्यवसाय का करावासा वाटतो याचा अभ्यास करायला. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःचा धंदा करत असाल का? एक ते सातपैकी एका आकड्यावर गोल करा. तू खाडकन सातवर गोल केलास, आणि मी तुझं बघून लिहिलं! अगं, ज्या पेपरात बरोबर उत्तरच नसतं त्यातही कॉपी करणारी महामूर्ख मी एकटीच असेन. माझा खरा आकडा दोन होता. मला कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात, खिडकीपाशी, खाली मान घालून काम करायचं होतं.

बाईंचे केस पिकलेत, पण चिकाटी तीच. त्या वेळच्या एकशे चाळीस जणांना हुडकत फिरतायत. सातवर गोल करणारे तेवीस निघाले, त्यातले बावीस नोकरीत. उरलेली एक मी. माझं केवढं कौतुक त्यांना! मी एका व्हीलचेअरचं बेअरिंग बदलत होते, तर तिथेच स्टुलावर बसून विचारायला लागल्या. घरात कुणी व्यवसायात होतं का? नाही. शिक्षकांनी प्रोत्साहन दिलं? कसलं डोंबलाचं, चाकं बसवायला डिग्री कशाला हवी असं विचारलं होतं सरांनी. जोखीम घ्यायला आवडते? मी अजून रस्ता ओलांडताना दोनदा मागे फिरते. स्वतःवर विश्वास होता? त्यावर मी ग्रीसचा डबा शोधत बसले. शेवटी त्यांनी सगळ्यात खालचा रकाना दाखवला, इतर कारण असल्यास लिहा. मी म्हटलं, सुचलं की कळवते.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंच्या व्हीलचेअरचं चाक आपण दोघींनी अख्खी दुपार खटपट करून बसवलं होतं. त्या गर्रकन फिरल्या आणि तू तिथल्या तिथे जाहीर केलंस की आपण हेच करायचं, दुकान काढायचं. मी हो म्हटलं. तू सर्कस काढू म्हणाली असतीस तरी हो म्हटलं असतं. काय मजा होती ग दुकानाच्या त्या पहिल्या चार महिन्यांत! तू गिऱ्हाइकाशी बोलायचीस, मी चाकाशी. मग तुला ती परगावची नोकरी लागली आणि तू रडत रडत गेलीस. मी ऐटीत म्हटलं, जा बिनधास्त, मी सांभाळते. तुला ते खरं वाटलं, त्यात तुझी काय चूक?

धंदा छान चाललाय, हीच तर पंचाईत आहे. बुडाला असता तर तुला कळवायला काही निमित्त तरी मिळालं असतं. दवाखान्यांच्या खुर्च्या येतात, दुरुस्त होऊन जातात, लोक तोंडभर आशीर्वाद देतात. पण कधीकधी दुपारचे अडीच वाजतात आणि लक्षात येतं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग मी एखाद्या ब्रेकला उगाच मोठ्यांदा शिव्या घालते, आवाज शाबूत आहे का ते बघायला. येणारेजाणारे म्हणतात, बाईनं एकटीनं केवढं उभं केलं. मला इतका राग येतो! एकटीनं करायला मी हे काढलंच नव्हतं. मला धंदा करायचाच नव्हता ग. मला तुझ्याबरोबर रोज दहा ते सहा बसायचं होतं. एवढं साधं होतं ते. फॉर्मवाल्या बाईंना नाही सांगता आलं, आणि खरं तर तुलाही तेव्हा सांगता आलं नाही.

आता कामाचं. परवान्यावर अजून आपल्या दोघींची नावं आहेत. तुझं नाव काढायला मी सात वर्षं टाळाटाळ केली. सोबत भागीदारीतून बाहेर पडल्याचा अर्ज जोडलाय, त्यावर सही कर. रागावून नाही पाठवलेला, शप्पथ. तुझं नाव तिथे आहे तोवर रोज सकाळी मी शटर वर करते ते कुणासाठी, हे मला कधीच कळायचं नाही. नाव गेल्यावरही उघडावंसं वाटलं, तर दुकान माझं. नाही वाटलं, तर कुलूप लावीन आणि कुठेतरी नोकरी बघीन. सही करून अर्ज पोस्टानं पाठव. स्वतः घेऊन येऊ नकोस, आलीस तर मी तुला परत जाऊ देणार नाही.

तुझीच, अजूनही
घुमी