एकाच घशाचे दोन निकाल

मी, दत्ताराम सखाराम चिंदरकर, वय ७६, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार मालवण, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत व पुरेशी झोप झाल्यावर लिहीत आहे. झोपेचा उल्लेख मुद्दाम केला आहे.

१. राहते घर, माड व विहीर पत्नी सौ. सरला हिला. कवितांची पुस्तकेही तिलाच. दुपारच्या तासाला कविता म्हणता म्हणता मी स्वतःच पेंगत असे आणि मुले कुजबुजत, "गुरुजी कवितेत गेले." मलाही तसेच वाटे. तो आजार होता हे फार उशिरा कळले.

२. झोपेत माझा श्वास अडतो. दोन शहरांत, एकाच महिन्यात, रात्रभर निजवून केलेल्या तपासणीचे दोन अहवाल कपाटात आहेत. एक म्हणतो सौम्य, दुसरा म्हणतो तीव्र. शेजारी जासिंत म्हणाला, "मास्तर, पेपर तपासतास तशी सरासरी काढा आणि मध्यम म्हणा. पण तुमी घोरूक लागलास की माका वाटता लाँच इली." लाँचबद्दल मी त्याला अजून माफ केलेले नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. इशिता ओरोसला असते. तिने उलगडा केला. पहिल्यांनी रक्तातला प्राणवायू बराच उतरला तरच अडलेला श्वास मोजला. दुसऱ्यांनी थोडा उतरला किंवा झोप चाळवली, तरी मोजला. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर, पण नियम कोणता ते कागदावर नाही. बोर्डाचे पेपर तपासताना आम्हा सर्वांना एकच नमुना उत्तर मिळे, म्हणून देवगडच्या आणि मालवणच्या मुलाला एका उत्तराचे सारखेच गुण पडत. श्वासाला एवढाही न्याय नसावा?

३. म्हणून पोस्टातली ठेव इशिताला. तिने जिल्ह्यातल्या डॉक्टरांना जमवून अहवालाचा एकच नमुना ठरवावा: श्वास कोणत्या नियमाने मोजला, माणूस प्रत्यक्षात किती झोपला, पाठीवर की कुशीवर. शेवटी दोन ओळी साध्या मराठीत, घरच्यांना कळतील अशा.

४. माझ्या नावावरची प्रवासी गाडी मुलगा केयूर याला, पण अटीवर. माझे घोरणे त्याने पुरते उचलले आहे. कुणकेश्वरच्या रस्त्यावर त्याचा डोळा लागून गाडी कुंपणात गेली, भाविक बचावले. तपासणीचे काढले की माझा सौम्यवाला कागद पुढे करतो, "तुमचोच सौम्य आसा बाबा, माका कसलो आजार?" त्याची तपासणी होऊन इशिता हो म्हणेपर्यंत चावी सरलाकडे राहील. केयूर, मी असतानाच ही अट निकामी केलीस, तर मला तेच हवे आहे.

पुरवणी: हा मजकूर काल साक्षीदारांना वाचून दाखवला, तेव्हा केयूर पडवीत होता. आज त्याने गाडी दारात उभी ठेवली, चावी आईच्या हातात दिली. "एस.टी.न जातंय ओरोसाक. आज थंयच निजुचा आसा." आणि स्वतःची उशी काखेत मारून गेला.

कलम चार तूर्त खोडत नाही. अहवाल यायचा आहे, आणि त्यावर नियम लिहिला आहे की नाही ते मी स्वतः वाचणार आहे.

मालवण, दि. ९ नोव्हेंबर २०२५
(सही) द. स. चिंदरकर

आमच्यादेखत सही केली:
१. जासिंत फर्नांडिस
२. बाबली धुरी